आरशाने ओळखा जीवाश्म

अमेरिकेतील ‘सायन्स ऑलिम्पियाड’ या शालेय स्पर्धेत काही वर्षी जीवाश्मांचा विभाग असतो. नमुने ओळखायला वेळ थोडाच मिळतो. अशा वेळी नुसती पाठ केलेली नावे गोंधळ उडवतात. त्यापेक्षा नमुना तपासण्याची रीत शिकावी.

द्विपुट शिंपले आणि ब्रॅकिओपॉड यांचेच पाहा. दोघांनाही दोन झडपा, पण प्राणी निराळ्या संघांतले. येथे साधा आरसा उपयोगी पडतो. झडपेच्या चोचीपासून समोरच्या कडेपर्यंत, मधोमध आरसा उभा धरा. अर्धी झडप आणि तिचे प्रतिबिंब मिळून मूळ आकार पुरा झाला, तर तो बहुधा ब्रॅकिओपॉड. त्याच्या दोन झडपा मात्र एकसारख्या नसतात. द्विपुटात सामान्यतः उलट असते: प्रत्येक झडप एका बाजूस कललेली, पण एक झडप दुसरीचे प्रतिबिंब.

‘बहुधा’ का म्हटले? कारण कालवासारख्या द्विपुटाच्या झडपाही विषम असतात. म्हणून दुसरी खूण शोधा. पुष्कळ ब्रॅकिओपॉडांच्या मोठ्या झडपेला चोचीपाशी देठासाठी छिद्र असते.

ही ओळख महत्त्वाची आहे. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात ब्रॅकिओपॉडांचे बहुतेक प्रकार नष्ट झाले. पुढे समुद्रात द्विपुटांची सरशी झाली. ओळख चुकली, तर खडकाच्या वयाचा अंदाजही चुकू शकतो.

आता स्वयंपाकघरातून तिसऱ्याचा एक शिंपला घ्या, आरसा धरा आणि काय दिसते ते वहीत काढा.