एक पान कमी

आमच्या पतसंस्थेत थकबाकीदारांना जाणाऱ्या नोटिसा मी टाइप करतो. 22 वर्षं करतोय. ‘सदर रक्कम मुदतीत न भरल्यास’ हे मला झोपेतही लिहिता येईल. कर्ज कसं फुगतं, माणूस काय काय थापा मारतो, कुणाच्या पाटल्या कुठल्या सोनाराकडे पडल्यात, यातलं मला काही नवीन नव्हतं. तरीही मोबाइलवरच्या रमीत मी 4 लाख 60 हजार रुपये घालवले. तेव्हा ‘मला कळतं, मी कुठे अडकणार?’ असं जर तुम्हाला वाटत असेल, तर माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसा.

2021च्या मे महिन्यात वडील गेले. दुसऱ्या लाटेतलं जाणं. धड खांदाही देता आला नाही. त्यानंतर मला झोप येईना. दिवसभर काम व्हायचं, जेवण व्हायचं, लोक म्हणायचे, सावरला हा. रात्री मात्र छतावरचा पंखा मोजत पडायचो. याला नैराश्य म्हणतात हे मला तीन वर्षांनी कळलं. तेव्हा एवढंच कळलं होतं, की हातात मोबाइल असला की रात्र सरते.

जाहिराती तर सगळीकडेच होत्या. त्याच्या आदल्या वर्षी आयपीएलचं मुख्य प्रायोजकत्वच एका फँटसी क्रिकेटच्या कंपनीकडे होतं, मग रमी वाईट कशी असेल? जाहिरातीतला नट आपल्यासारखाच चाळीत राहणारा, बायकोला साडी घेऊन देणारा. शेवटी ‘आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते’ हे वाक्य यायचं, पण उशीर झालेल्या भटजीने मंगलाष्टकं उरकावीत तसं. शिवाय रमी आमच्या घरचीच. गौरी-गणपतीच्या जागरणाला आजोबांपासून सगळे खेळायचे. वर एक कायदेशीर आधारही मी पाठ करून ठेवला होता: सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलंय. बरोबरच आहे ते. फक्त त्या क्लबातली माणसं समोरासमोर बसून खेळत होती. मी पहाटे अडीच वाजता संडासात बसून, ओळखपाळख नसलेल्या पाच जणांशी.

पहिल्याच आठवड्यात 1,140 रुपये जिंकलो. ते खात्यात आलेही. आज वाटतं, तेव्हा हरलो असतो तर वाचलो असतो.

पुढे माझ्या डॉक्टरीणबाईंनी मला स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांबद्दल सांगितलं. कबुतराने चोच मारली की दर वेळी ठरावीक दाणा मिळत असेल, तर दाणे थांबल्यावर ते लवकर कंटाळतं. पण दाणा कधी मिळेल याचा नेमच नसेल, तर ते टोचतच राहतं. त्यांनी विचारलं, “तुम्हाला हरल्यावर जास्त खेळावंसं वाटायचं की एका पानाने डाव हुकल्यावर?” मी काही बोललोच नाही. एका पानाने हुकणं! प्युअर सिक्वेन्स लागलेला, जोकर हातात, फक्त इस्पिकची अठ्ठी हवी आणि समोरचा डिक्लेअर करतो. हा हरलेला डाव जिंकल्यासारखा वाटतो. मेंदू म्हणतो, आलंच होतं की. मी तीन वर्षं एका पानासाठी जागलो.

मग यायचं ते सगळं आलं. झटपट कर्ज देणारी ॲप, चुलतभावाकडून ‘गाडीच्या इंजिनाचं काम निघालंय’ म्हणून घेतलेले 40 हजार, शेवटी बायकोच्या पाटल्या. ते सविस्तर सांगत नाही. सगळ्या व्यसनांची ही गोष्ट सारखीच असते. वेगळी होती ती आमच्या घरातली दुसरी गोष्ट.

मुलगा दहावीला होता. त्याच्या हातात सतत फोन. रील बघत पडायचा, विचारलं की वसकायचा, जेवताना मान वर करायचा नाही. मी घरात मोबाइलविरोधी मोहीमच काढली. रात्री दहाला त्याचा फोन कपाटात, किल्ली माझ्या खिशात. नातेवाइकांसमोर त्याला ‘रीलबहाद्दर’ म्हणायचो. आणि किल्ली खिशात ठेवून स्वतः संडासात जायचो. हे लिहिताना अजूनही घाम फुटतो.

2024च्या एप्रिलमध्ये, त्याची परीक्षा संपल्यावर, बायकोने एका लग्नासाठी पाटल्या काढायला सांगितल्या. मी ‘पॉलिशला दिल्यात’ म्हणालो. तेव्हा मुलगा कोपऱ्यातून म्हणाला, “आई, पाटल्या नाहीत. मला जानेवारीपासून माहीत आहे.” क्लासची फी भरायला त्याने माझा फोन घेतला होता आणि पैसे वजा झाल्याच्या मेसेजची रांग पाहिली होती. तीन महिने, ऐन बोर्डाच्या वर्षात, पंधरा वर्षांच्या पोराने ते एकट्याने पोटात ठेवलं. आईला सांगावं तर घर मोडेल, न सांगावं तर घर बुडेल. मी ज्याला मोबाइलचं वेड समजत होतो, ते त्याचं माझ्यापासून तोंड लपवणं होतं.

म्हणून वयात आलेल्या मुलांच्या आईबापांना मी आधी हे सांगतो, की फोन किती तास चालतो हे मोजण्याआधी तो हातात घेऊन मूल कशापासून दूर जातंय ते बघा. नेहमी बापच गुन्हेगार असेल असं नाही. वर्गात कुणी छळत असेल, मार्कांची धास्ती असेल, मनच आजारी असेल. आणि कधी खरोखर खेळाचंच व्यसन असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, पण नुसतं खूप खेळणं म्हणजे तो आजार नव्हे. खेळावरचा ताबा सुटलेला, बाकी सगळ्यावर खेळाची कुरघोडी, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच, आणि हे साधारण वर्षभर, असं त्यात धरलंय. तेव्हा सुट्टीत चार दिवस पबजी खेळलेल्या पोराला ‘व्यसनी’ म्हणू नका. पण दोन-तीन आठवडे झोप, भूक, मित्र आणि आंघोळ एकदम बदलली, तर वाटही बघत बसू नका.

पाटल्यांचं उघड झालं त्या आठवड्यात मला जगावंसंच वाटत नव्हतं. ते मी बायकोजवळ बोललो, कसं कोण जाणे. तिने भांडण बाजूला ठेवलं आणि 14416 लावला. हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक, 2022च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी मला एकही उपदेश केला नाही, याचंच जास्त नवल वाटलं. दोन दिवसांत आम्ही मानसोपचारतज्ज्ञाकडे होतो. त्याआधी थोरल्या काकांनी ‘कुणीतरी करणी केलीय’ म्हणून एक पत्ता सुचवला होता. बायको म्हणाली, “काका, करणी ह्यांचीच आहे.”

उपचार म्हणजे नैराश्याच्या गोळ्या, दर आठवड्याला समुपदेशन आणि पैशांची नाकाबंदी. पगार बायकोच्या खात्यात, माझ्या फोनवरून यूपीआय गायब, पेट्रोलला रोख 200 रुपये. पहिले महिने भिकारी झाल्यासारखं वाटलं. घरच्यांना एक सांगणं आहे: कर्ज एकदम फेडून टाकू नका. माझा भाऊ प्रेमापोटी तयार झाला होता, डॉक्टरीणबाईंनी अडवलं. कोरी पाटी मिळाली की जुगारी तिच्यावर नवा डाव मांडतो. यादी सगळ्यांसमोर करा, हप्ते बांधा, ते त्यालाच भरू द्या. आणि जोडीदारालाही आधार लागतो. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेल्या पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे, तो उगाच नाही.

सुधारलो, असं छाती फुगवून सांगायचं होतं, पण 2025च्या फेब्रुवारीत घसरलो. रमी नव्हे, शेअर बाजारातलं ऑप्शन ट्रेडिंग. जुना बोनस मिळाला होता, तो बायकोला न सांगता घातला. मोबाइलवर लाल-हिरवे आकडे, सकाळी सव्वानऊची धडधड, सगळं तेच, फक्त आता याला कुणी जुगार म्हणत नव्हतं. सेबीने 2024च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केलं होतं, की तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या दर 100 वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 जणांना तोटा झाला. मी ते वाचलंही होतं आणि स्वतःला उरलेल्या 7 जणांत बसवलं होतं. 38 हजार गेले. या वेळी मात्र चौथ्या दिवशी घरी बोललो. समुपदेशक म्हणाले, “मागच्या वेळी तीन वर्षं लागली होती.”

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025मध्ये केला. पुढच्याच आठवड्यात गणपती आले. जागरणाला सतरंजी पसरली, पत्ते पिसले गेले आणि चुलतभाऊ ओरडला, “अरे ये की! तुझी ती रमी सरकारनेच बंद केली, आता ही घरची तरी खेळ. पैसे नाहीत लावत.” मी चहाचं आधण बघतोय असं दाखवत उभा होतो. तेरा पानं पडण्याचा आवाज मला पाठीनेही मोजता येतो.

मुलगा तोवर बारावीला गेला होता. तो आत आला, पातेल्यात डोकावला आणि म्हणाला, “बाबा, दूध संपलंय. आणायला जाऊ या?” दूध संपलेलं नव्हतं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि एवढ्या रात्री आमच्या गावात दूध कुठेच मिळत नाही, हे त्यालाही माहीत होतं. आम्ही चपला घातल्या आणि स्टँडपर्यंत चालत जाऊन आलो.