मेळावा ठेवा, पण पाठपुराव्यासाठी

प्रश्न : हमरापुरातल्या आमच्या वृद्धाश्रमात ज्येष्ठांसाठी आरोग्य मेळावा घ्यायचा आहे. कोणत्या तपासण्या ठेवाव्यात?

उत्तर : तपासण्या मोजक्याच ठेवा, वेळ चालण्याला आणि औषधांना द्या, कारण या वयात एका पडण्याने माणूस अंथरुणाला खिळतो. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. याला 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजा. रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा 20 ने उतरला, तर कारण कदाचित गोळ्यांतच सापडेल. म्हणून प्रत्येकाने सगळी औषधं पिशवीत घालून आणावीत, चुरगळलेल्या अर्ध्या पाकिटांसकट. (डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.)

रक्ततपासणीशिवाय गर्दी जमणार नाही, असं कार्यकर्ते म्हणतील. खरं आहे, पण अहवाल समजावणारं कोणी नसेल, तर तो कागद उशीखालीच राहतो. पेणच्या सरकारी रुग्णालयाशी आधी बोला, पुढच्या तपासणीच्या तारखा मेळाव्याच्या दिवशीच द्या. सत्तरी ओलांडलेल्यांची आयुष्मान कार्डंही मेळाव्यातच काढून घ्या. आणि मेळावा गावातल्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांची लगबग सरल्यावर ठेवा. तेव्हाच घरची माणसं सोबत येऊ शकतील.