हार्डडिस्क सुरू होत नसेल तर आधी खाते वाचवा

आपल्या वाशिम जिल्ह्यात कापडाचा धंदा रोखीवर थोडा आणि उधारीवर जास्त चालतो. शेतकरी गिऱ्हाईक लग्नसराईत कापड नेते आणि सोयाबीन किंवा तूर बाजार समितीत विकली गेली की हिशेब चुकता करते. मधले कित्येक महिने आपली रक्कम फक्त खात्यावर असते. पूर्वी हे खाते लाल वहीत असे, आता ते संगणकाच्या हार्डडिस्कवर असते. वही पावसात भिजली तरी अक्षर लागते, डिस्क बंद पडली तर एक ओळही दिसत नाही. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश दिव्य कुरआनच्या सूरह अल्-बकराच्या २८२व्या आयतीत आहे, आणि हीच कुरआनातील सर्वांत मोठी आयत होय. तेव्हा ही डिस्क देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांचीही अमानत समजावी.

काही वर्षांपूर्वी रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, माझा संगणक सुरू झाला नाही. दिवा लागला, पंखा फिरला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येऊन थांबली. माझे शिक्षण उर्दू शाळेतले. ती ओळ मी जशीच्या तशी चिठ्ठीवर उतरवून घेतली. आपणही तसेच करावे, कारण 'चालत नाही' एवढ्यावरून कारागिराला काही कळत नाही. ओळीचा अर्थ इतकाच होता की डिस्क सापडत नाही. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगून टाकले, डिस्क गेली, फॉरमॅट मारून पाहू. फॉरमॅट म्हणजे वहीची पाने कोरी करणे! मी नको म्हटले, याबद्दल अल्लाहचे आभार मानतो.

डिस्कच्या डबीत चकत्या असतात आणि त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. त्यांच्यावर वाचणारी सुई हवेच्या अगदी पातळ थरावर तरंगते. थांबलेली चकती वेगात आणायला जोर लागतो, बंद पडलेली हातगाडी पहिल्यांदा ढकलताना लागतो तसा. त्या काही सेकंदांत मोठी डिस्क १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर वीज ओढते, एकदा फिरू लागली की बरीच कमी. ही वीज एसएमपीएस नावाच्या डब्यातून येते. डबा जुना झाला, त्यातले कपॅसिटर सुकले, की पंखा फिरतो, दिवा लागतो, पण चकतीला वेग येत नाही. संगणक थोडा वेळ वाट पाहतो आणि डिस्क नाहीच, असे सांगून मोकळा होतो.

म्हणून ती ओळ दिसली की वीज न तोडता कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणे एकदम दाबावीत. या वेळी संगणक सुरू झाला, तर पहिल्या खेपेला चकतीला वेग यायला उशीर झाला होता, असे समजावे. माझा संगणक असाच सुरू झाला. आणि इथेच बहुतेक जण चूक करतात, बिले फाडायला बसतात. तसे न करता, गिऱ्हाईक उभे असले तरी, आधी हिशेबाचा सगळा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवावा. उद्या सकाळी ती फिरेल याची हमी कोणी देत नाही.

तरीही सुरू झाला नाही तर कान लावून ऐकावे. घरघर वाढत जाऊन एकसारखी झाली तर चकती फिरते आहे. मग संगणक बंद करून, प्लग काढून, डिस्कच्या दोन्ही वायरी घट्ट बसवाव्यात. रुंद वायर विजेची, अरुंद वायर माहितीची. घरघर सुरू होऊन पुन्हा पुन्हा तुटत असेल किंवा आवाजच नसेल, तर सीडी ड्राइव्हची विजेची वायर डिस्कला लावून पाहावी, नाहीतर डिस्क शेजाऱ्याच्या चांगल्या संगणकाला जोडावी. तिथे चालली तर दोष डब्याचा, डिस्कचा नव्हे. माझ्याकडे डबा बदलल्यावर तीच डिस्क पुढे चालली. पण ठरावीक टिकटिक येत असेल तर ताबडतोब बंद करावे. सुई चकतीवर घासत असेल तर प्रत्येक वेळी चालू करण्याने माहिती खरवडली जाते. ठोकणे, फ्रीजमध्ये ठेवणे, घरी डबी उघडणे, हे प्रकार करू नयेत. अशी डिस्क माहिती काढून देणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी. तो खर्च जड असतो.

पडद्यावर तारीखही चुकीची दिसत असेल तर नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपलेला असू शकतो. सेल गेला की संगणक कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे तेही विसरतो, आणि बिलावर भलतीच तारीख पडते.

एक गैरसमज फार पसरला आहे. 'डी ड्राइव्हमध्ये कॉपी आहे' असे व्यापारी बांधव निर्धास्तपणे सांगतात. बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. एकाच पेटीला दोन कुलपे लावून दोन पेट्या होत नाहीत. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो, तेव्हा 'डिस्क जळाली' हे उत्तर तिथेही पुरत नाही.

मी आता दोन पेनड्राइव्ह ठेवले आहेत. शुक्रवारी जुम्याच्या नमाजसाठी दुकान बंद करण्यापूर्वी एकावर हिशेब उतरवतो आणि तो घरी नेतो. पुढच्या शुक्रवारी दुसरा. महिन्यातून एकदा त्यातले एखादे खाते मुलाच्या लॅपटॉपवर उघडून पाहतो, कारण न उघडणारी कॉपी दोनदा सापडली आहे.