अभ्यासक्रम आहे, पण सापडतो का?

आमच्या वस्तीतील एका मुलीने बारावीनंतर मराठी टंकलेखनासाठी शहरातील खाजगी क्लासला नाव घातले. फी आणि रोजचे एस.टी.चे भाडे यांत वडिलांची ओढाताण झाली. पुढे कळले की, तोच अभ्यासक्रम आमच्याच तालुक्यातील एक संस्था निम्म्या फीत शिकवीत होती. संस्थेचे संकेतस्थळ होते, त्यावर सूचनाही होती. पण ती छापील पत्रकाचा फोटो काढून टाकलेली. मुलीने मोबाईलवर पुष्कळ शोधले, तिला ती दिसली नाही. अभ्यासक्रम होता, विद्यार्थिनी होती, गाठ मात्र पडली नाही. ही गाठ कशी पडेल, याचा विचार आपण येथे करू.

१. यंत्राला काय कळते?

आम्ही बँकेत काम करतो. धनादेशावरील वरचा मजकूर माणसासाठी असतो. खालच्या पट्टीवर चुंबकीय शाईने छापलेले आकडे यंत्रासाठी असतात. त्यातील नऊ अंकी संकेतांकात पहिले तीन अंक शहराचे, पुढचे तीन बँकेचे व शेवटचे तीन शाखेचे. प्रत्येकाची जागा ठरलेली, म्हणून यंत्राला अंदाज बांधावा लागत नाही.

संकेतस्थळाचेही तसेच आहे. पानावर '१५ जून' असे लिहिले, तर ती अर्जाची शेवटची तारीख की वर्ग सुरू होण्याची, हे माणूस संदर्भाने ओळखतो. यंत्राचा गोंधळ होऊ शकतो. फोटोतील अक्षरे तर त्याला खात्रीने वाचता येतीलच असे नाही. म्हणून पानावर मजकूर लिहावाच. शिवाय पानाच्या पोटात यंत्रासाठी ठरावीक रकान्यांत माहिती भरावी. हिलाच 'स्ट्रक्चर्ड डेटा' म्हणजे रचनाबद्ध माहिती म्हणतात.

२. रकाने कोणी ठरविले?

जून २०११ मध्ये गुगल, बिंग व याहू या एकमेकांच्या स्पर्धक शोधयंत्रांनी एकत्र येऊन 'स्कीमा डॉट ऑर्ग' हा समान शब्दसंग्रह सुरू केला. त्याच वर्षी रशियाचे यांडेक्सही त्यात सामील झाले. तो सर्वांना मोफत खुला आहे. माहिती लिहिण्याची सोयीची पद्धत म्हणजे 'जेसन-एलडी'. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जानेवारी २०१४ मध्ये तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. ही माहिती पानाच्या संकेतलिपीत राहते, वाचकाला दिसत नाही.

३. एक उदाहरण

समजा, आपली संस्था टंकलेखन शिकविते. तिची माहिती अशी भरावी :

प्रकार (टाइप) : कोर्स
नाव (नेम) : संगणक टंकलेखन, मराठी, ३० शब्द प्रति मिनिट
वर्णन (डिस्क्रिप्शन) : काय शिकविले जाते, ते एक-दोन वाक्यांत
संस्था (प्रोव्हायडर) : शिकविणाऱ्या संस्थेचे पूर्ण नाव

येथे एक भेद लक्षात ठेवावा. 'कोर्स' म्हणजे अभ्यासक्रम; त्याची प्रत्यक्ष भरणारी तुकडी म्हणजे 'कोर्स इन्स्टन्स'. अभ्यासक्रम एकच, पण जानेवारीची तुकडी वेगळी व जुलैची वेगळी. सुरू होण्याची तारीख, ठिकाण, वर्ग प्रत्यक्ष की ऑनलाइन, ही माहिती तुकडीच्या रकान्यात जाते.

४. कोर्स कशाला म्हणावे?

गुगलच्या नियमांनुसार, ज्यात ठरलेला पाठ्यक्रम आहे, शिक्षक व विद्यार्थी आहेत आणि ज्यातून निश्चित ज्ञान वा कौशल्य मिळते, तोच कोर्स. एक दिवसाचा खगोल मेळावा किंवा सँडविच कसे करावे हे दाखविणारी दोन मिनिटांची चित्रफीत कोर्स ठरत नाही. अभ्यासक्रमाच्या नावात जाहिरातीची भाषा वा फीचा आकडा घालू नये. गुगलच्या कोर्स यादीसाठी किमान तीन अभ्यासक्रमांची माहिती लागते.

धनादेशावरील अक्षरी व आकडी रक्कम जुळली नाही, तर तो परत जाण्याची पाळी येते. त्याचप्रमाणे पानावर जे दिसते व रकान्यात जे भरले, ते एकच असले पाहिजे.

५. मर्यादा

रकाने भरले म्हणजे आपले नाव पहिले येईल, अशी हमी कोणी देत नाही. शोधयंत्रे आपले धोरणही बदलतात. अभ्यासक्रमाचा तपशील दाखविणारी 'कोर्स इन्फो' ही मांडणी बंद करीत असल्याचे गुगलने जून २०२५ मध्ये जाहीर केले. तरीही नीट मांडलेली माहिती वाया जात नाही. स्कीमा डॉट ऑर्गचा शब्दसंग्रह एकट्या गुगलचा नाही.

६. आपण काय करावे?

संस्था चालविणाऱ्या सभासदांनी पत्रकाच्या फोटोबरोबर तोच मजकूर टाइप करून द्यावा, रकाने भरावेत व प्रत्येक तुकडीच्या वेळी तारखा बदलाव्यात. जुनी तारीख विद्यार्थ्याला हेलपाटा घडविते. संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घ्यावे. भरलेली माहिती तपासण्यासाठी गुगलची 'रिच रिझल्ट्स टेस्ट' व स्कीमा डॉट ऑर्गचा तपासनीस विनामूल्य उपलब्ध आहेत.

ज्याच्या घरात विचारायला शिकलेले माणूस आहे, त्याला वाट सापडते. ज्याच्या घरातून पहिलेच मूल शिकायला बाहेर पडले आहे, त्याच्यापर्यंत माहितीनेच चालत गेले पाहिजे. तेवढे कष्ट आपण घेतले, तर त्या मुलीसारखी पायपीट पुढच्या मुलीला करावी लागणार नाही.