शोधणाऱ्याला घर सापडावं म्हणून

पुण्यातल्या लहान बिल्डरांच्या आणि एजंटांच्या वेबसाइट मी बरीच वर्षं सांभाळते आहे. 'आमची साइट गूगलवर वर आणा' या वाक्याने प्रत्येक नवं काम सुरू होतं. वर आणण्याच्या युक्त्या विकणारे पुष्कळ आहेत. माझं मत मात्र कामातून पक्कं होत गेलं आहे. घर ज्या रस्त्यावर आहे तिथे रोज उभ्या राहणाऱ्या माणसालाच जे ठाऊक असतं, ते पानावर आलं की शोधणारा तिथे पोहोचतो. तांत्रिक काम त्या मजकुराची वाट मोकळी ठेवण्यापुरतं.

१. 'पुण्यात फ्लॅट' या शब्दांच्या मागे लागू नये.

तिथे मॅजिकब्रिक्स, नाइन्टीनाइन एकर्स, हाउसिंग अशी मोठी पोर्टलं ठाण मांडून बसली आहेत. वाकडला दोन खोल्यांचं ऑफिस असलेल्या एजंटाने त्यांच्याशी झुंजण्यात पैसा घालवू नये. पण 'वनाज मेट्रोजवळ रीसेल टू बीएचके' किंवा 'पुनावळ्यात ओसी झालेला फ्लॅट' असं कोणी लिहितो, तेव्हा तो माणूस घराच्या बराच जवळ आलेला असतो. असे शोध थोडे असतात, पण साइट व्हिजिटला येणारी माणसं बहुतेक त्यांतलीच.

हे शब्द मिळतात कुठे? एक तर गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये. ते फुकट आहे, आणि लोकांनी काय लिहिल्यावर तुमची साइट दिसली हे तिथे सरळ वाचायला मिळतं. दुसरी जागा मला जास्त मोलाची वाटते: ऑफिसात फोन घेणाऱ्या ताई. त्यांच्या शेजारी बसून ऐकावं. 'पाणी कॉर्पोरेशनचं की टँकरचं?' 'मेंटेनन्स किती बसतो?' 'लोन कुठल्या बँकेचं होतंय?' 'ओसी आली का?' यातला प्रत्येक प्रश्न कोणीतरी गूगललाही विचारलेला असतो. ओसी, म्हणजे इमारतीचा भोगवटा दाखला, विचारणाऱ्याच्या मनात पुष्कळदा जीएसटीचा हिशेब चालू असतो, कारण पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या फ्लॅटवर जीएसटी लागत नाही. एवढं एक वाक्य पानावर असलं तरी वाचणाऱ्याचं काम होतं. ताई ही उत्तरं दिवसभर तोंडी देतात आणि वेबसाइटवर 'प्राइम लोकेशन, लक्झरी लिव्हिंग' एवढंच असतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

२. भागाचं पान त्या भागात जाऊन लिहावं.

कोथरूडचंच घ्या. वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, ऑगस्ट २०२३ मध्ये ती रुबी हॉलपर्यंत गेली आणि मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत. टप्प्यागणिक तिथल्या घराचा अर्थ बदलला, कारण खराडी-विमाननगरकडे नोकरी असणाऱ्यालाही आता कोथरूडचा विचार करता येतो. तरीही 'प्रस्तावित मेट्रो' असं मिरवणारी पानं मला आजही दिसतात.

अशा पानासाठी मी स्टेशनच्या जिन्यापासून सोसायटीच्या फाटकापर्यंत घड्याळ लावून चालत जाते. पौड रोडवर सिग्नलला थांबावं लागलं तर तो वेळही धरते. म्हातारी माणसं सोबत असतील तर रस्ता कुठे ओलांडायचा, फुटपाथ कुठे तुटतो, जुन्या इमारतीला लिफ्ट आहे का, सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमीन-इमारतीची मालकी बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, रीडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत का, हे सगळं लिहिते. शेवटचे दोन मुद्दे कोथरूडसारख्या जुन्या भागात कळीचे आहेत. कन्व्हेयन्स रखडलेल्या इमारतीत घर घेणाऱ्याला पुढे काय निस्तरावं लागेल, हे त्याला बुकिंगच्या आधी कळायला हवं.

याच्या उलट चाल फार रूढ आहे. बाणेरचं एक पान लिहायचं आणि फक्त नाव बदलून तेच बालेवाडी, ताथवडे, रावेतला चिकटवायचं. गूगलच्या स्पॅम धोरणात अशा पानांना 'डोअरवे' असं नाव देऊन मनाई केलेली आहे. मार्च २०२४ मध्ये घाऊक प्रमाणात पाडलेल्या मजकुराविरुद्धही वेगळा नियम आला, मग तो मजकूर माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. पण नियम नसते तरी मी हे करू दिलं नसतं. रावेतमध्ये घर बघणाऱ्या जोडप्याला बाणेरचं वर्णन वाचायला लावणं ही फसवणूक आहे. दहा भागांची पोकळ पानं काढून तीन भागांची भरीव पानं ठेवा, असं मी प्रत्येक शेठना सांगते. पटायला वेळ लागतो.

३. महारेरा क्रमांक आणि कार्पेट एरिया अक्षरांत लिहावा, चित्रात कोंबू नये.

२०१६ च्या रेरा कायद्यानुसार प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि रेरा प्राधिकरणाच्या (आपल्याकडे महारेराच्या) वेबसाइटचा पत्ता ठळक द्यावा लागतो. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा झाला. वेबसाइट हीसुद्धा जाहिरातच. बहुतेक ठिकाणी हा क्रमांक बॅनरच्या कोपऱ्यात चित्राचा भाग म्हणून बसवलेला असतो, तिथे तो माणसाला नीट वाचता येत नाही आणि सर्च इंजिनच्याही हाती भरवशाने लागत नाही. प्रकल्पाचं नाव आणि त्यापुढे 'महारेरा' असं लिहून खात्री करणारे लोक असतात. त्यांना तुमच्याच पानावर तो क्रमांक साध्या मजकुरात मिळाला पाहिजे.

कार्पेटचंही तसंच. कायद्यातल्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, बाल्कनी, खुली गच्ची आणि डक्ट धरत नाहीत, आतल्या खोल्यांमधल्या भिंती धरतात. 'सुपर बिल्ट-अप ११००' असा आकडा टाकून लोकांना पानावर ओढता येतं, पण तो वाचणारा प्रत्यक्ष फ्लॅटवर पोहोचून फुटपट्टी लावतो. शिवाय कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या विधानामुळे नुकसान झालं तर प्रवर्तकाला भरपाई द्यावी लागते. म्हणून 'स्टेशनपासून पाच मिनिटं' हे शब्द मी चालून बघितल्याशिवाय लिहीत नाही.

४. शीर्षकात घर दिसावं.

ब्राउझरच्या पट्टीत आणि गूगलच्या निकालात जे शीर्षक येतं, ते अनेक साइटवर 'होम' एवढंच असतं. 'कोथरूड, वनाज मेट्रोजवळ २ बीएचके रीसेल, लिफ्ट व पार्किंगसह' असं लिहिलं की निम्मं काम झालं. मेटा कीवर्ड टॅगसाठी शब्दांची लांबलचक यादी कोणी मागितली तर नम्रपणे नकार द्या. क्रमवारीसाठी आपण तो टॅग बघत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

५. फोटो हलके करावेत.

फोटोग्राफरने दिलेले मूळ फोटो जसेच्या तसे चढवलेले असतात, आणि घर शोधणारा पीएमपीच्या बसमध्ये उभ्याने मोबाइलवर ते उघडत असतो. पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा आहे. फोटो वेबपी स्वरूपात, मोबाइलच्या रुंदीला बेताचे करून टाकले की बहुतेक साइट तेवढ्यानेच सुधारतात. फोटोसोबतच्या वर्णनात 'आयएमजी ००४२' न ठेवता 'स्वयंपाकघर, ड्राय बाल्कनीसह' असं लिहावं, दृष्टिहीन माणसाला ते ऐकून कळतं. त्याच मोबाइलवाल्यासाठी किमतीही फक्त ब्रोशरच्या पीडीएफमध्ये ठेवू नयेत.

६. साइट गूगलमध्ये आहे का, हे आधी तपासावं.

एका बिल्डरची नवी साइट सुरू होऊन बरेच महिने झाले होते आणि स्वतःच्या प्रकल्पाच्या नावानेसुद्धा ती सापडत नव्हती. आधीच्या एजन्सीने साइट बनवताना वर्डप्रेसच्या 'रीडिंग' सेटिंगमधल्या, सर्च इंजिनांना दूर ठेवणाऱ्या चौकटीत टिचकी मारली होती आणि ती तशीच राहिली होती. त्या काळात साहेब जाहिरातींवर खर्च वाढवत राहिले. सर्च कन्सोलमध्ये पानाचा पत्ता टाकला की ते नोंदलं गेलं आहे की नाही आणि का नाही, हे तिथेच कळतं. बजेट, मजला, दिशा अशा फिल्टरांमधून एकाच यादीचे शेकडो पत्ते तयार होतात, तेही याच वेळी बघून आवरून घ्यावेत.

७. ऑफिसच्या पाटीवरचंच नाव नकाशावर असावं.

'माझ्याजवळचे एजंट' असं शोधल्यावर नकाशासोबत जी नावं येतात, ती गूगल बिझनेस प्रोफाइलमधून येतात. त्यांचा क्रम गूगल तीन गोष्टींवरून लावतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि नावलौकिक. अंतर आपल्या हातात नाही. नावापुढे 'बेस्ट प्रॉपर्टी डीलर वाकड' असं शेपूट जोडणं नियमाबाहेर आहे आणि त्यापायी प्रोफाइल बंद पडू शकतं. व्यवहार पूर्ण झाल्यावर, चावी देताना, ग्राहकाला अभिप्राय लिहायची विनंती करावी. पैसे देऊन लिहवून घेऊ नये. तक्रारीचा अभिप्राय आला तर मालकाने स्वतः, नाव घालून, उत्तर द्यावं. ते उत्तर पुढचे ग्राहक वाचतात.

८. घर विकलं गेलं की पानाचं काय करायचं ते ठरवावं.

या धंद्यातल्या साइटची खरी कसोटी इथे लागते, कारण माल रोज बदलतो. विकलेला फ्लॅट 'उपलब्ध' दाखवून फोन मिळवायचे आणि मग 'तो गेला, दुसरा दाखवतो' म्हणायचं, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. सुट्ट्या रीसेल फ्लॅटचं पान विकल्याच्या दिवशी तसं लिहून थोडा काळ ठेवावं, त्याच सोसायटीतली किंवा शेजारची घरं खाली द्यावीत, आणि उपयोग संपला की ते सरळ काढावं. काढलेली सगळी पानं मुख्य पानाकडे वळवू नयेत. गूगल अशी वळवलेली पानं नसल्यातच जमा करतं आणि घर शोधणारा भलतीकडे जाऊन पडतो.

पूर्ण विकल्या गेलेल्या प्रकल्पाची गोष्ट निराळी. बिल्डर म्हणतात, आता ते पान उडवा. मी अडवते. ताबा दिल्यावरही त्या सोसायटीचं नाव लोक वर्षानुवर्षं शोधत राहतात, कोणी भाड्यासाठी, कोणी रीसेलसाठी, कोणी मुलीचं स्थळ त्या पत्त्यावरचं आहे म्हणून. तेव्हा त्या पानावरून 'बुकिंग सुरू' काढून ताब्याचं वर्ष, ओसीची तारीख, कार्पेटसहित फ्लॅटचे प्रकार, पाण्याची आणि पार्किंगची व्यवस्था लिहावी, सोसायटीच्या कमिटीला विचारून. पुनावळ्यातल्या एका एजंटकाकांकडे भाडेकरूंचे सगळ्यात जास्त फोन अशाच एका पानावरून येतात. कमिटीने पाहुण्यांच्या गाड्यांचा नियम बदलला की काका मला त्याच दिवशी कळवतात, आणि पानावरची ती ओळ संध्याकाळपर्यंत बदललेली असते.