एका संगणकावरील मजकूर दुसऱ्या संगणकावर नेणे
(संगणक-शिक्षण : शिक्षकांकरिता पाठ)

विषयप्रवेश

शाळेच्या दप्तरात एकच नाव किती ठिकाणी लिहावे लागते, हे शिक्षकांस निराळे सांगावयास नको. जनरल रजिस्टरात ‘मीनल’ असलेली मुलगी हजेरीपटावर ‘मिनल’ होते, गुणपत्रकात आणखी काही होते. आणि पुढे दाखल्याच्या वेळी तिच्या पालकांस हेलपाटे घालावे लागतात. यात कोणाचा आळस नसतो. तोच मजकूर पुनःपुन्हा टंकित करताना हात चुकतो, इतकेच. ज्या शाळेत दोन-तीन संगणक आहेत, तेथे एकदा तपासून लिहिलेले नाव पुन्हा न लिहिता दुसऱ्या संगणकावर कसे न्यावे, हे या पाठात पाहावयाचे आहे. त्यासाठी इंटरनेटची गरज नाही.

क्लिपबोर्ड म्हणजे काय?

मजकूर निवडून कंट्रोल व सी या कळा दाबल्या म्हणजे त्याची नक्कल संगणकाच्या स्मृतीतील एका तात्पुरत्या जागी ठेवली जाते. हाच क्लिपबोर्ड. कंट्रोल व व्ही दाबताच ती नक्कल हव्या त्या जागी उमटते. क्लिपबोर्डास पाटीची उपमा शोभते. पाटीवर नवे लिहिताना जुने पुसावे लागते. येथेही नवी नक्कल घेताच आधीची जाते. विंडोज १० मध्ये सन २०१८ पासून मागील काही नकला जपण्याची सोय झाली आहे. परंतु ती आपणांस मुद्दाम चालू करावी लागते.

ही पाटी ज्या त्या संगणकाची स्वतःची असते. एका वर्गातील पाटी शेजारच्या वर्गातील मुलास दिसत नाही. तद्वत एका संगणकावरील नक्कल दुसऱ्यास आपोआप मिळत नाही. मध्ये निरोप्या हवा. संगणक एकाच राऊटरला तारेने वा वायफायने जोडले म्हणजे स्थानिक जाळे तयार होते. हे जाळे म्हणजे रस्ता. त्यावरून मजकूर नेणारा निरोप्या म्हणजे दोन्ही टोकांस चालणारा एखादा प्रोग्रॅम, अथवा दोघांना उघडता येईल असे सामाईक फोल्डर.

कात्रीने कापून डिंकाने चिकटविण्याची संपादकांची जुनी रीत संगणकावर आणण्याचे काम लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, १९७० नंतरच्या दशकात केले. संगणक जोडणाऱ्या इथरनेट पद्धतीचा आरंभही सन १९७३ मध्ये त्याच केंद्रात झाला. पाटी आणि रस्ता या दोन्ही वस्तू अशा एकाच घरच्या आहेत.

कृती

पहिली रीत, सामाईक फोल्डर : एका संगणकावर ‘नावे’ नावाचे फोल्डर करावे. त्याच्या प्रॉपर्टीजमधील शेअरिंग या भागातून ते इतरांस खुले करावे. नोटपॅडमध्ये यादी लिहून फाइल त्यात ठेवावी. दुसऱ्या संगणकावर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेषा व पहिल्या संगणकाचे नाव लिहावे, फोल्डर दिसेल. तेथून मजकूर उचलावा. दोघांनी एकाच वेळी फाइल बदलल्यास नंतर जतन करणाऱ्याचा मजकूर राहतो व आधीच्याचा जातो. म्हणून इतरांस केवळ वाचनाची परवानगी ठेवावी.

दुसरी रीत, सामाईक क्लिपबोर्ड : मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या मोफत संचातील ‘माउस विदाउट बॉर्डर्स’ हा भाग विंडोजचे चारपर्यंत संगणक जोडतो; एकावर घेतलेली नक्कल दुसऱ्यावर चिकटविता येते. लिनक्स अथवा मोबाइल असल्यास ‘केडीई कनेक्ट’ उपयोगी पडते. दोन्हींत प्रथम संगणकांची परस्पर ओळख पटवून द्यावी लागते.

मराठी मजकुराविषयी

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट घेते. ‘शाळा’ या शब्दात श, काना, ळ, काना अशी ४ चिन्हे आहेत. म्हणून १२ बाइट. हा भार जाळ्यास नगण्य आहे. अडचण असते ती अक्षरांच्या संकेताची. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात रोमन अक्षराच्या संकेतावर मराठी अक्षराचा केवळ आकार बसविलेला असतो. तो टंक दुसऱ्या संगणकावर नसला, तर ‘मीनल’च्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. म्हणून यादी युनिकोडमध्येच लिहावी, आणि नोटपॅडमध्ये जतन करताना यूटीएफ-८ निवडावे. एएनएसआय निवडल्यास अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात.

दक्षता

१. सामाईक क्लिपबोर्ड चालू असताना संकेतशब्द वा मुलांचे आधार क्रमांक यांची नक्कल घेऊ नये. ती जोडलेल्या सर्व संगणकांवर पोहोचते.
२. काम संपताच जोडणी बंद करावी.
३. नक्कल जशी शुद्धतेची, तशीच चुकीचीही होते. मूळ नाव चुकले असेल, तर ती चूक क्षणात सर्वत्र पसरेल. म्हणून प्रथम यादी जनरल रजिस्टराशी दोघांनी मिळून ताडून पाहावी : एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने काना, वेलांटी, उकार पाहावा.

वर्गातील पाठ

दोन मुलांना दोन कोपऱ्यांत पाट्या देऊन बसवावे. तिसऱ्यास निरोप्या करावे. पहिल्याने आपले नाव लिहावे, निरोप्याने ते कागदावर उतरवून न्यावे, दुसऱ्याने पाटीवर लिहावे. मग पहिल्याने पाटी पुसून नवे नाव लिहावे. ‘आता दुसऱ्याच्या पाटीवर कोणते नाव आहे?’ असे विचारावे. निरोप्या पुन्हा गेल्याशिवाय तेथे जुनेच नाव राहते, हे मुले स्वतः सांगतील.

स्वाध्याय

१. आपल्या वर्गाची यादी युनिकोडमध्ये तयार करून दुसऱ्या संगणकावर न्या, व दोन्ही प्रती ताडून पाहा.
२. ‘मराठी’ या शब्दास यूटीएफ-८ मध्ये किती बाइट लागतील? (उत्तर : ५ चिन्हे, १५ बाइट.)

आपले नाव अचूक लिहिलेले असावे, हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. तो राखण्याच्या कामी हे साधन शिक्षकांच्या हाती आले आहे. त्याचा त्यांनी अवश्य उपयोग करावा.