सैनिकांचे हक्क आणि जन्माची अट

युद्धावरून परतलेल्या सैनिकाला पेन्शन, जमीन, मुलांचे शिक्षण अशा सवलती देणे हे सरकारचे कर्तव्य मानले जाते. पण त्या देताना सैनिकाची सेवा पाहिली गेली की त्याचा जन्म? इतिहासाच्या तासाला हा प्रश्न मनात आला आणि उत्तर शोधता शोधता मी माझ्याच घरापर्यंत येऊन पोहोचले.

प्रथम अमेरिकेचे उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी तेथे १९४४ साली कायदा झाला. कॉलेजची फी, निर्वाहभत्ता व घरासाठी सरकारी हमीचे कर्ज यांची त्यात तरतूद होती. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. परंतु अंमलबजावणी स्थानिक अधिकारी व बँका यांच्या हाती राहिली. १९४७ साली मिसिसिपी राज्यात अशी ३,२०० हून अधिक कर्जे दिली गेली. त्यांपैकी कृष्णवर्णीयांना मिळाली फक्त दोन!

आपल्याकडे वर्णाचे काम जातीने केले, आणि अडवणूक भरतीच्या दारातच झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १८१८ च्या लढाईचा कोरेगावचा स्तंभ त्याची साक्ष देतो. पलटणीतील नोकरी म्हणजे नियमित पगार, म्हातारपणी पेन्शन आणि मुलांना शाळा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेतच शिक्षक होते. परंतु पुढे इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी काही जमाती जन्मानेच 'लढाऊ' ठरविल्या आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. बापाला पेन्शन होती, पण मुलाला पलटणीचे दार बंद झाले.

निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे सैन्य व पोलीस खात्यातील प्रवेशाची मागणी केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज संपताच १९२१ पर्यंत ती मोडीत निघाली. याच काळात 'लढाऊ' ठरलेल्या जमातींच्या निवृत्त सैनिकांना पंजाबात कालव्यांच्या नव्या वसाहतींत जमिनी मिळत होत्या. जो सैन्यातच नाही, त्याने जमीन कोणत्या तोंडाने मागावी?

दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश आले. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली आणि १९४२ साली दुसरी कामठीला. भंडारा रोडहून नागपूरला जाताना वाटेत लागते तेच हे कामठी. माझे पणजोबा तेथेच भरती झाले. आजी सांगते, "तुया पणज्याले सही पलटनीत आली."

१९४६ साली ते घरी आले. पेन्शनला पंधरा वर्षांची सेवा लागे. त्यांची भरली होती जेमतेम चार. हा नियम सर्व जातींना सारखाच होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु ज्याच्या घरी शेती होती, तो आपल्या शेतात परतला. पणजोबा दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोजीने परतले. त्यांच्या आधीच्या दोन पिढ्यांना पलटणीत जाता आले असते, तर एखादी पेन्शन, एखादा जमिनीचा तुकडा, शाळेत गेलेला एखादा मुलगा घरात असता. पन्नास वर्षांची ही तूट कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही. कारण जे मिळालेच नाही, त्याची नोंद कोण ठेवणार?

म्हणूनच मला वाटते, नियम सारखा आहे एवढ्याने न्याय झाला असे होत नाही. त्या नियमापर्यंत पोहोचण्याची वाट कोणाला मोकळी होती, हेही पाहावे लागते. अमेरिकेत त्या कायद्याने एक अख्खी पिढी कॉलेजात गेली. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली.

मित्रहो, आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांतून माणसे पलटणीत गेली असतील. घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना विचारा, ते काय घेऊन परतले आणि काय मिळाले नाही. ऐकाल ते वहीत उतरवून ठेवा. सांगणारी माणसे आता थकत चालली आहेत.